शिमेवरचा जाब

कट्टा गावच्या बाजारात ईडाला डिवचणं हा लोकांचा फुकटचा खेळ होता. माझ्या मांडवाच्या गोदामाला लागून तिचं शिवणकामाचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक आरसा आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. मासे विकणारी शेवंती पाटी डोक्यावर घेऊन समोरून जायची आणि मुद्दाम हेल काढून म्हणायची, "ईडाबाय शिवता झंपर, हात जाता तर मान जायना!" शेवंतीचा पाय पुढे पडायच्या आत मशीनवरून त्याच चालीत उत्तर यायचं, "माझो झंपर उसवून शिवतलंय, तुझो कुसको बांगडो जित्तो होयना!" सगळा बाजार हसायचा. शेवंती सगळ्यात जास्त हसायची.

हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. म्हणून ईडाने उत्तर द्यायचं बंद केलं तेव्हा पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. शेवंती चार दिवस ओरडून गेली, पाचव्या दिवशी मला म्हणाली, "परशुराम, हिचा काय झाला रे?" मला ठाऊक होतं. पण सांगण्यासारखं नव्हतं.

मी मांडववाला. लग्न हिंदूचं असो की किरिस्तांवांचं, पहिला वासा मी रोवतो आणि शेवटची खुर्ची मी उचलतो. लग्नात बाकीचे जेवतात, फोटो काढतात, रुसतात. मी फक्त बघत असतो, कारण माझ्या खुर्च्या कोण ओढत नेतोय ते बघावंच लागतं. त्यामुळे ईडाचं खरं कर्तृत्व माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. ते बाजारात नव्हतं, शिमेवर होतं.

इथल्या काही किरिस्तांव घरांत अजून शीम पाळतात. शीम म्हणजे गावची हद्द. लग्न लागलं, जेवणं झाली की नवरीकडची माणसं वऱ्हाडाला हद्दीपर्यंत पोचवायला जातात. तिथे रस्त्यावर आडवी फेणीची धार ओततात. धारेच्या पलीकडे नवऱ्याकडचे, अलीकडे नवरीकडचे. पलीकडून एक बाई गाणं म्हणते, दोन ओळींचं, जागच्या जागी रचलेलं. अलीकडून त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं. त्या उत्तराला जाब म्हणतात. जाब झाला की वऱ्हाडाने मागे न बघता गाडीत बसायचं. जाबावर जाब नाही, शेवटचा शब्द नवरीकडचा. मुलगी द्यायची ती द्यायचीच, निदान शब्द तरी आपला राहू दे, असा त्यातला हिशोब असावा. आणि जुन्या बायका म्हणतात की जाब न मिळालेलं गाणं नवरीच्या माहेरी शिरतं आणि तिथेच बसून राहतं.

म्हणून जिच्या घरी मुलीचं लग्न, ती बाई आधी पाद्रीला भेटायची आणि मग ईडाला. नवरा तरुणपणीच गेला, स्वतःचं मूल नाही, तरी ह्या किनाऱ्यावरच्या किती मुलींना तिने शब्दाने पोचवलं असेल. पलीकडची बाई कितीही तयारीची असो, ईडा श्वास घ्यायलाही थांबत नसे. मी एकदा तिला विचारलं होतं, इतक्या पटकन सुचतं कसं? म्हणाली, "सुचूचा काय तेच्यात? तिच्या गाण्यातलोच एक शब्द धरूचो आणि उलटो करूचो. आमी कापडा उलटी करून शिवतंव, तसाच ता."

हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय. पुढचं सगळं त्या एका शब्द धरण्यावरून झालं.

डेलिशा ही ईडाच्या बहिणीची मुलगी. बहीण वारली, बाप कायतान कायमचा बोटीवर, तेव्हा पोर ईडानेच वाढवली. तिच्या लग्नात मी मांडवाला नवीन झालर लावली होती आणि भाड्यात ती धरली नव्हती, एवढं सांगितलं तरी पुरे. नवरा नेव्हिल शिरोड्याचा, शाळेत शिक्षक, गरीब स्वभावाचा. त्याची आई डेल्सी मूळची गोव्याची, बार्देसची, लग्न होऊन शिरोड्याला आलेली. उंच, गोरी, ताठ मानेची बाई. बोलायची आमच्यासारखंच, पण गाणी तिच्याकडे माहेरची होती.

शिमेवर संध्याकाळ होत आली होती. डेलिशा आणि नेव्हिल पुढच्या गाडीत काचा बंद करून बसलेले, मागे वऱ्हाडाची बस. मी टेम्पो बाजूला लावून उभा होतो. फेणीची धार ओतली. पलीकडून डेल्सी पुढे आली. अलीकडे ईडा, निळी साडी, कमरेवर हात. डेल्सीने हसत हसत गाणं म्हटलं:

"तुमची चली व्हरतां आमी, रडूं नाकात गो,
वर्स भरचे आदीं तुमच्या दारांत चेडो येतलो!"

आमच्या बाजूचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. चेडो म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्याचं नाव मोठ्याने कोणी काढत नाही. वाटेवर उभा राहणारा, मागे लागून येणारा, एकदा उंबऱ्याच्या आत शिरला की घरातलं एक माणूस घेतल्याशिवाय न जाणारा. आणि ही बाई लग्नाच्या दिवशी, मुलगी घेऊन जाताना सांगते, वर्षाच्या आत तुमच्या दारात चेडो येईल! शिमेवर शिव्या देतात, टोमणे मारतात, सगळं चालतं. पण हे? तेही हसत? त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

ईडाचा चेहरा क्षणभर उतरला. पण जाब द्यायला ती थांबली नाही. नेहमीपेक्षा चढ्या आवाजात, पाय आपटून तिने म्हटलं:

"चेडो इलो तर शिमेर अडवीन, उंबऱ्यार चढांक दिवचंय नाय,
इल्या वाटेन परतो धाडीन, त्येचा पाऊल घरात पडूचा नाय!"

आमच्याकडून शिट्ट्या, टाळ्या. पलीकडे मात्र एकदम सुतकी शांतता. डेल्सीचं हसू गेलं, तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि कोणाचा निरोप न घेता बसमध्ये जाऊन बसली. आम्हाला वाटलं, जिंकलो. परत येताना पोरं टेम्पोत तोच जाब म्हणत होती. ईडा माझ्या शेजारी रस्त्याकडे बघत बसली होती. घराशी उतरताना डेलिशाबद्दल तेवढं म्हणाली, "परशा, चेडवाक ह्यातला काय सांगा नको."

लग्नानंतर लगेचच डेलिशाला दिवस गेले. पाचव्या महिन्यात हवापालट म्हणून ती कट्ट्याला मावशीकडे आली. चांगली हसतखेळत होती, माझ्या बायकोकडून कैरीचं लोणचं घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता.

सकाळी मी गोदाम उघडत होतो. ईडा दुकानाच्या पायरीवर बसली होती, कुलूप न काढता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो इलो, परशा."

"कोण इलो?"

"तिने धाडलेलो. वर्स भरूच्या आदी, माझ्याच दारार. माझ्याच घरातसून घेवन गेलो."

मी तिला समजावलं. असं होतं बायकांचं, डॉक्टर सांगतात ते ऐक, वगैरे. समजावणाऱ्याचा आवाजच कापत असेल तर समजावण्याला काय अर्थ? शिमेवर मीही उभा होतो. मला ते गाणं तोंडपाठ होतं.

पाद्रीला तिला सांगता येईना. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ईडा, तू आपल्या चर्चच्या सायबिणीवर विश्वास ठेवतेस की भुताखेतांवर? ती दोन्हींवर ठेवत होती, ह्या किनाऱ्यावर सगळेच ठेवतात. चर्चमध्ये मेणबत्त्या लावून झाल्या. मग एके दिवशी तिने मला हळूच विचारलं, तुमच्या देवळातला अंगारा मिळेल का? मी आणून दिला. तिने तो कापडात शिवला आणि सायबिणीच्या तसबिरीमागे ठेवला. उंबऱ्यावर रोज मीठ टाकायची. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा तिनेही गुपचूप आमच्या उंबऱ्यावर मीठ टाकलं. भीतीला जात नसते.

मग शिरोड्याहून डेल्सीचा फोन आला. डेलिशाला ह्यापुढे कट्ट्याला पाठवणार नाही, आणि तुम्हीही इकडे येऊ नका. कारण सांगितलं नाही. ईडाने विचारलंही नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणालो. डेलिशा अधूनमधून चोरून फोन करायची. तिला बिचारीला दोन्ही घरांत काय बिनसलंय ते कळत नव्हतं. पोटुशी बाईच्या कानावर असलं काही घालायचं नसतं, आणि मूल गेल्यावर तर नाहीच नाही, म्हणून इकडून मावशी बोलली नाही आणि तिकडून सासू.

त्याच सुमारास ईडाने बाजाराला उत्तरं द्यायची बंद केली. लग्नाची आमंत्रणं आली, शिमेवर ये म्हणून बायका विनवून गेल्या, तिने घसा बसल्याचं सांगितलं. घसा कसला बसतोय. मशीन चालवताना तिचे ओठ सारखे हलायचे. मला वाटलं, तेर्स म्हणते. एकदा गणवेशाचं माप द्यायच्या निमित्ताने जवळ गेलो तेव्हा कळलं, ती प्रार्थना नव्हती. ती गाणं जुळवत होती. एक ओळ धरायची, सोडायची, परत धरायची. जी श्वास घ्यायलाही थांबत नसे, ती बाई महिनोन्महिने एकाच जाबावर बसली होती.

"पयलो जाब कमी पडलो, परशा," मला म्हणाली. "शिमेर अडवतंय म्हटलंय, पण तो अडाक नाय. आता असो जाब व्हयो की तो जिने धाडल्यान तिच्याकडेच परतो जायत."

"जाबावर जाब नसता, ईडाबाय. तूच सांगतंस."

"ता शिमेर. ह्या आता शिमेर नाय."

तिच्या डोळ्यांत बघून मी मागे सरलो. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला चेडोपेक्षा ईडाची भीती वाटायला लागली.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारी मी गोदामाबाहेर खुर्च्या धूत होतो. ईडा दुकानातून धावत आली, हातात फोन, पायात चप्पल नाही. डेलिशाचा फोन होता. तिला परत दिवस गेले होते, आठवा महिना लागला होता, आणि सासूने शपथ घातली म्हणून तिनेही फोनवर मावशीला आतापर्यंत कळवलं नव्हतं. आज सकाळी अंगावरून जायला लागलं म्हणून कुडाळच्या दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आत्ताच पोट उघडून मूल काढावं लागेल, दोघांपैकी कोणाचीच खात्री देता येत नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मावशी, ये गो. माका भिया वाटता."

मी टेम्पो काढला. मागे अर्ध्या खुर्च्या तशाच होत्या, वळणावर खडखडत होत्या. ईडा पुढे बसली, हात मांडीवर घट्ट दाबून. ओठ हलत होते.

"जाब तयार झालो," ती म्हणाली.

"ईडाबाय, थंय पोर टेबलार आसा. तू थंय जावन गाणा म्हणतलंस?"

"पोर टेबलार आसा म्हणानच. चेडो थंयच उभो आसतलो. तिच्या तोंडार म्हणतलंय, तेका घेवन जा म्हणान."

"काय जाब तो?"

"आयकशीत तर तुका गाडी चालवक येवची नाय."

मी ऐकायचा आग्रह केला नाही. वाटेत एकदा वाटलं, गाडी बिघडल्याचं सोंग करावं. पण ज्या मुलीला मी इवलीशी असल्यापासून पाहिलंय ती तिथे भीत पडली होती. मी एक्सलेटर दाबला. कुडाळ येईपर्यंत मी माझ्या देवाचं आणि तिच्या सायबिणीचं, दोघांचंही नाव घेत होतो.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर ऑपरेशनची खोली, दारावर लाल दिवा. समोर बाक. बाकावर डेल्सी एकटीच बसली होती. नेव्हिल रक्त आणायला गेला होता. शिमेवर पाहिलेली ती ताठ बाई पार वाकून गेली होती, केस पिंजारलेले, हातात तेर्साची माळ. आम्हाला पाहिलं मात्र, ती उठून दारासमोर आडवी झाली. दोन्ही हात पसरले, आणि तोंडून एकदम माहेरची बोली आली.

"वच! वच हांगाची, ईडा! आनीक कितें व्हरूंक आयलेंय?"

आणखी काय न्यायला आलीस, असं ती विचारत होती, तरी ईडा थांबली नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. मी मध्ये पडायला हवं होतं, पडलो नाही. आणि मग त्या फिनेलच्या वासात, लाल दिव्याखाली, ईडाने अगदी हळू आवाजात, एकेक शब्द डेल्सीच्या तोंडावर ठेवल्यासारखा म्हटला:

"तुझो चेडो तुझ्याच घरात, तुझ्याच मांडयेर बसतलो,
जल्मभर तुझो हात धरून तुझ्या मागसून फिरतलो!"

मी डोळे मिटले. असला शाप मी जन्मात ऐकला नव्हता. आता ही बाई किंचाळेल, नाहीतर ईडाच्या झिंज्या धरेल, अशी वाट बघत राहिलो. पण हुंदका ऐकू आला. डोळे उघडले तर डेल्सी खाली बसली होती. तिने ईडाचे दोन्ही हात धरले होते आणि त्यांचे मुके घेत होती.

"देव बरें करूं, गो ईडाबाय! देव बरें करूं! परतें घेतलेंय मगो तुवें तें पयलें गीत? घेतलेंय मगो?"

ईडाला काही कळेना. तिने हात सोडवायला बघितलं. "खंयचा गाणा परता घेतलंय? मी काय परता घेवक नाय. तुझो चेडो तुका दिलंय."

"व्हय, दी! म्हाकाच दी! म्हज्या मांडयेर दी!" डेल्सीने पदरासारखी मांडी पुढे केली. "हांव आनीक कितें मागतां देवालागीं? म्हजो नातू म्हाका दी!"

"नातू?" ईडा म्हणाली.

"नातू गो. चेडो." आणि डेल्सीने दोन हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. "चेडो!"

मला कळलं ते ईडाच्या आधी, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि ती डेल्सीच्या हातांकडे. बार्देसमध्ये मुलाला चेडो म्हणतात. मुलगी ती चेडूं, मुलगा तो चेडो. आमच्यात मुलगी चेडूच, पण मुलगा झील, आणि चेडो म्हणजे तो, ज्याचं नाव काढत नाहीत. नाव काढत नाहीत म्हणूनच डेल्सीला शिरोड्यात इतकी वर्षं राहून ते कळलं नव्हतं. पहिलं बाळंतपण मुलीच्या माहेरी. म्हणून तुमच्या दारात. रडू नका, मुलगी नेतो, वर्षाच्या आत तुमच्या दारात मुलगा खेळेल. शिमेवर ह्याहून गोड गाणं कोणी म्हटलं नसेल. ती हसत होती कारण ती आशीर्वाद देत होती.

मी हे तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. आधी ईडाला, मग डेल्सीला. डेल्सी ऐकून भिंतीला टेकली. "म्हजे सायबा," एवढंच म्हणाली. तिला वाटलं होतं, सोयरीक पसंत नव्हती म्हणून मुलीची मावशी शिमेवर उभी राहून सांगते आहे, तुमचा मुलगा जन्माला येऊ देणार नाही. म्हणून पाचव्या महिन्यात तसं झाल्यावर तिने सून परत पाठवली नाही. म्हणूनच आतापर्यंत गरोदरपण लपवून ठेवलं.

आम्ही दोघे ईडाच्या दुकानात बसून एका बाईला भीत होतो, आणि ती बाई तिकडे आम्हाला भीत होती.

मला वाटलं, आता सुटलो. माणूस किती खुळा असतो बघा. ईडा बाकावर बसली आणि तिचे ओठ हलायला लागले. आधी मला ऐकू येईना. मग आलं. ती स्वतःचाच पहिला जाब म्हणत होती, पण आता पलीकडच्या बाजूने ऐकत. शिमेर अडवीन. उंबऱ्यार चढांक दिवचंय नाय. इल्या वाटेन परतो धाडीन.

इथे तिने तोंडावर हात दाबला. दोन्ही हात, एकावर एक.

"झील होतो तो," ती हाताआडून म्हणाली. "परशा, पयलो झील होतो. इल्या वाटेन परतो गेलो."

"ईडाबाय, शब्दान असा काय होयना," मी म्हणालो. सकाळपर्यंत मीच उंबऱ्यावरच्या मिठावर पाय न पडू देता जात होतो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. इतके दिवस तिला वाटत होतं की भीती दारातून आत आली. आता कळलं होतं की ती तिच्याच तोंडातून गेली. ह्या भीतीवर मीठ कुठे टाकायचं? ती लाल दिव्याकडे बघत होती. आत डेलिशा होती, आत मूल होतं, आणि बाहेर हिच्या तोंडातलं गाणं, ज्याला जाब देता येत नाही.

डेल्सी तिच्या शेजारी बसली. "दुसरें गीत म्हण," ती म्हणाली. "बरें गीत म्हण."

ईडाने नुसती मान हलवली. हात तोंडावरून काढले नाहीत.

नेव्हिल रक्ताची पिशवी घेऊन धावत आला, दार उघडून ती आत दिली आणि तिथेच उभा राहिला. मावशीला पाहून त्याला काही विचारावंसं वाटलं असेल, पण त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मूल रडल्याचा आवाज येत नव्हता. मी कान टवकारले होते, बाकीच्या तिघांनीही, आणि जो तो दुसऱ्याकडे बघायचं टाळत होता.

दार उघडलं. नर्स घाटावरची होती, तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाली, "डेलिशाचे नातेवाईक? मुलगी झाली आहे. वजन कमी आहे, रडायला वेळ लावलाय तिने, काचेच्या पेटीत ठेवलंय. आज आणि उद्या बघावं लागेल. आईला आणखी रक्त देतोय, ती बोलतेय."

"रडली?" नेव्हिलने विचारलं.

"रडली. बारीक, पण रडली."

नेव्हिल भिंतीला धरून खाली बसला. मी तोंड फिरवलं, कारण मला ते बघवेना. ईडा जागची हलली नाही. तिला अजून धीर होत नव्हता, आज आणि उद्या हे शब्द तिने ऐकले होते.

डेल्सी उठली आणि तिच्या पुढ्यात उकिडवी बसली. "आयकलें तुवें? चेडूं!"

"चेडू," ईडा हाताआडून म्हणाली. तो एक शब्द दोघींचाही होता.

"मागीर तूं कित्याक भियेता? तुवें कोणाक आडायल्लो? चेड्याक. चेडवाचें नांव तुज्या गीतांत खंय आसा? हिका तुजी शीम लागनाच!"

आणि ती हसली. दवाखान्याच्या त्या मजल्यावर, डोळ्यांतून पाणी गळत असताना ती बाई हसली. मलाही हसू फुटलं. खरंच की. गाण्याने वाट अडवली होती ती मुलग्याची. पोरगी शहाणी निघाली, ती मुलगी होऊन आली. असल्या खुळ्या हिशोबानेच माणूस तगतं, मी म्हणतो, दुसऱ्या कुठल्या हिशोबाने तगतं ते मला दाखवा.

ईडाने हळूहळू हात खाली घेतले. तिचे ओठ दाबून दाबून पांढरे पडले होते. ती हसली नाही. डेल्सीकडे बघून तिने विचारलं, अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "आणि तो पयलो, डेल्सीबाय?"

डेल्सीचं हसू विरलं. नर्स दार लावून आत गेली. मग डेल्सी ईडाच्या शेजारी बाकावर बसली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली,

"चेडो हो शब्द म्हजो, ईडाबाय. तुवें फकत जाब दिलोय."